चालणाऱ्याच्या कानात काय असावं?

रक्तातली साखर वर सरकली की डॉक्टर गोळीच्या आधी चालायला सांगतात. मलाही सांगितलं. पहाटेची नमाज झाली की मी मैंदर्गीहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागतो. पाऊण तास नुसतं चालणं कंटाळवाणं होतं, आणि कंटाळलेला माणूस पहिल्या चहाच्या टपरीवरूनच मागं फिरतो. म्हणून कानाला काहीतरी सोबत हवी.

आमच्या पिढीला ही सोबत वॉकमननं दिली. सोनी कंपनीनं तो १९७९ च्या जुलैत जपानमध्ये विकायला काढला. मी कॉलेजात असताना आखातातून आलेल्या एका नातलगानं मला एक आणून दिला. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांत संपायची. खटका पडला की माघारी वळायचं, घड्याळ लागत नसे. सेल उतरले की मात्र गाणारा रडू लागायचा. पुढं २००१ साली आयपॉड आला आणि खिशात हजार गाणी मावू लागली. २०२२ मध्ये तोही बंद झाला, कारण मोबाइलनं सगळंच गिळलं.

मग मोबाइल असताना वेगळं यंत्र कशाला? अडीअडचणीला मोबाइल खिशात असावाच. पण घामेजल्या बोटाला त्याची काच दाद देत नाही, आणि चालता चालता फोन आला की माणूस थांबतो, थांबला की कठड्यावर बसतो! त्यापेक्षा काडेपेटीएवढा, सदऱ्याला चिमट्यानं अडकणारा एमपीथ्री प्लेअर मला बरा वाटतो. बटणं अशी हवीत की न बघता बोटाला सापडावीत. जागेची चिंता नको. साध्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणाला मिनिटाला साधारण एक एमबी लागते, म्हणजे आठ जीबीत शंभराहून अधिक तास मावतात. रेडिओ ऐकायचा असेल तर त्यात एफएम आहे का बघा, आणि इअरफोन वायरचाच घ्या. अशा यंत्रात ती वायरच एरियलचं काम करते.

आता मुख्य गोष्ट. एका गळीत हंगामात मी दोन्ही कानांत घट्ट बसणारी बोंडं घालून एक जुना मुशायरा ऐकत चाललो होतो. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला. हॉर्न वाजवला असेल, मला कळलाच नाही. बांधावरचा एक शेतकरी कन्नडमध्ये ओरडत धावला आणि त्यानं दंडाला धरून मला बाजूला ओढलं. त्या दिवशी घरी आल्यावर बायकोनं ती बोंडं ट्रंकेत टाकून कुलूप लावलं.

पण घट्ट बोंडांचा एक गुणही सांगितला पाहिजे. बाहेरचा गोंगाट अडतो, म्हणून आवाज कमी ठेवून भागतं. मोकळी बोंडं असली की वारा आणि गाड्या यांच्यावर मात करायला आपण आवाज चढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास चालतो, ९० डेसिबलचा फक्त चार तास. आकडा दहानं वाढला, पण आवाजाची शक्ती दहापट झाली, म्हणून वेळ दहाव्या हिश्श्यावर आली. कानाच्या आतल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हाडातून ऐकवणारे नवे हेडफोन कानाचं भोक मोकळं ठेवतात, रस्त्यासाठी ते चांगले. मात्र त्यांचा आवाजही त्याच पेशींपर्यंत पोचतो, तेव्हा तिथंही जपूनच.

म्हणून घरात, व्यायामशाळेत घट्ट बोंडं. रस्त्यावर एकच कान. कोणता? आपल्याकडं वाहनं डावीकडून चालतात, पायी माणसानं उजव्या कडेनं, समोरची गाडी दिसेल असं चालावं. मग रस्ता कायम डाव्या हाताला राहतो, जाताना आणि येतानाही. डावा कान उघडा, बोंड उजव्यात. एकाच कानानं ऐकताना यंत्रात 'मोनो' अशी सोय असेल तर ती लावून घ्या, नाहीतर गाण्यातला अर्धा वाद्यमेळ दुसऱ्या बोंडात लोंबकळत राहतो.

मी अक्कलकोटच्या दुकानात हे सगळं विचारून एक साधा प्लेअर घेतला. पोरगा म्हणाला, "चाचा, एकच कान वापरणार, तर अर्धेच पैसे द्या की!" पैसे त्यानं पूर्ण घेतले. कुलूप लावलेली बोंडं अजून ट्रंकेतच आहेत.