पाणी : जंतूंचे बळ आणि वर्मही

कैरीचा मुरांबा वर्षभर टिकतो. चिरून ठेवलेली कैरी मात्र काही दिवसांतच खराब होते. साखर जंतूंना मारते काय? नाही. पाकातले पाणी ती धरून ठेवते आणि जंतूंच्या पेशीतलेही पाणी बाहेर ओढते. पाण्यावाचून त्यांची वाढ थांबते. बरणीत ओला चमचा बुडवला, की तेथील पाक पातळ होतो आणि बुरशी धरते. लोणच्यातले मीठ आणि पापडांना दाखवलेले ऊन यांचे कामही असेच.

वाढ थांबवायला आपण पाणी काढून घेतो; पण जंतू मारायचे तर पाण्याचीच मदत लागते! प्रयोगशाळेतील काचेची भांडी कोरड्या भट्टीत निर्जंतुक करायची, तर १६० अंश सेल्सिअस तापमानात सुमारे दोन तास ठेवावी लागतात. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशांना साधारण १५ मिनिटे पुरतात. असे का? अंड्यातला पांढरा बलक उकळत्या पाण्यात काही मिनिटांतच गोठतो. तोच आधी पूर्ण वाळवला, तर तेवढ्या उष्णतेला दाद देत नाही. प्रथिनांची घडी मोडायला पाणी हवे असते. म्हणूनच शुद्ध अल्कोहोलपेक्षा ७० टक्के अल्कोहोल अधिक परिणामकारक ठरते.

काही जिवाणूंनी नेमकी हीच गोष्ट साधली आहे. प्रतिकूल काळात ते बीजाणू बनवतात. बीजाणूच्या गाभ्यात पाणी फारच कमी असते. त्यामुळे उकळत्या पाण्यातूनही अनेक बीजाणू जिवंत सुटतात; अल्कोहोलनेही ते मरत नाहीत.

१८७७ मध्ये जॉन टिंडाल यांनी यावर युक्ती योजली. वाळल्या गवताचा अर्क एकदाच दीर्घकाळ उकळण्याऐवजी त्यांनी तो मध्ये अवधी ठेवून पुनःपुन्हा थोडा थोडा वेळ तापवला. त्या अवधीत बीजाणू पाणी शोषून रुजत आणि पुढच्या उष्णतेला बळी पडत. अर्थात, रुजण्यासाठी पोषक द्रव लागतो; नुसत्या पाण्यातल्या उपकरणांना ही युक्ती लागू पडत नाही.

यातला फरक विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा. कॉलरा आणि टायफॉइडचे जिवाणू बीजाणू बनवत नाहीत. म्हणून त्यांच्यापुरते उकळलेले पाणी सुरक्षित. धनुर्वाताचे जिवाणू मात्र बीजाणू बनवतात. म्हणून शस्त्रक्रियेची हत्यारे नुसती उकळून भागत नाही. ‘उकळले’ म्हणजे ‘निर्जंतुक झाले’ असे नव्हे.