पाणी एक की हजार?

पेट्रोल पंपावर दर आणि लिटरच्या जोडीला आणखी एक आकडा लिहिलेला असतो: घनता. ७४२, ७४८ असं काहीतरी. बहुतेकांची नजर दरावरून पुढे सरकत नाही, पण पेट्रोलबद्दल काही सांगणारा आकडा खरं तर हाच. एका घनमीटर पेट्रोलचं वस्तुमान किती किलो, हे तो सांगतो. भारतीय मानकानुसार १५ अंश सेल्सिअसला ही घनता ७२० ते ७७५ च्या दरम्यान हवी. शंका आली तर ग्राहकाला ती तपासून मागता येते. पंपावर त्यासाठी काचेचं उंच भांडं, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर ठेवलेलं असतं.

थर्मामीटर कशाला? कारण तापलं की पेट्रोल फुगतं आणि त्याची घनता अंशागणिक पाऊण ते एक किलोने उतरते. उन्हाळ्याच्या दुपारी ३५ अंशांवर हायड्रोमीटर ७२३ दाखवत असेल, तर तेच पेट्रोल १५ अंशांना ७४० च्या आसपास भरतं. पंपावरच्या तक्त्यात पाहून आधी १५ अंशांचा आकडा काढायचा आणि मगच टँकरच्या कागदावरच्या आकड्याशी ताडायचा. तीनपेक्षा जास्त फरक निघाला, तर चौकशी व्हायलाच हवी. तापमान न सांगता घनता सांगणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

शाळेत मात्र घनता वेगळ्याच रूपात भेटते. पाणी १, लोखंड ७.८७, पारा १३.६, सोनं १९.३. हे एका घनसेंटिमीटरमागचे ग्रॅम. पंपाच्या भाषेत पाणी १००० आणि सोनं १९,३००. एका मीटरमध्ये १०० सेंटिमीटर, म्हणून शंभराने गुणून मोकळी होणारी मुलं पुष्कळ. पण घनमीटरला लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही बाजू असतात, म्हणून त्यात घनसेंटिमीटर भरतात १० लाख. तितके ग्रॅम म्हणजे १००० किलो. गुणाकार हजाराचा येतो तो असा.

मला वाटतं, मुलांना एककांचा लांबलचक तक्ता पाठ करायला लावण्यापेक्षा एकच प्रश्न शिकवावा: या मापात पाणी किती? ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, ग्रॅम प्रति मिलिलिटर, किलो प्रति लिटर, टन प्रति घनमीटर या सगळ्यांत पाणी १, म्हणून आकडा जसाच्या तसा उचलायचा. किलो प्रति घनमीटर आणि ग्रॅम प्रति लिटर या दोन्हींत पाणी १०००. घराणी दोनच.

हवेसारख्या हलक्या पदार्थाला दुसरं घराणं सोयीचं. ०.००१२ म्हटलं की डोळ्यांपुढे काहीच येत नाही. घनमीटरला १.२ किलो म्हटलं, की चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीतली हवा चक्क ४३ किलो भरते!

पाण्याला नेमका १ मिळाला, हा योगायोग नव्हे. फ्रान्सच्या ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने ग्रॅम ठरवला तोच मुळी पाण्यावरून. वितळत्या बर्फाच्या तापमानाला एक घनसेंटिमीटर शुद्ध पाणी, म्हणजे एक ग्रॅम. पाणी सर्वांत दाट असतं ते ४ अंशांच्या सुमारास, म्हणून पुढे मोजणी त्या तापमानाला झाली आणि १७९९ मध्ये प्लॅटिनमचा किलोग्रॅम घडवला गेला. मोजणी त्या काळाच्या मानाने थक्क करणारी होती, तरी सूक्ष्म चूक राहिलीच. त्या किलोइतकं पाणी १००० घनसेंटिमीटरमध्ये मावेना. दर लिटरमागे सुमारे २८ घनमिलिमीटर जास्त लागत. म्हणजे जेमतेम अर्धा थेंब.

या अर्ध्या थेंबाने शास्त्रज्ञांना बराच ताप दिला. १९०१ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने लिटरची व्याख्या एक किलो पाण्याच्या आकारमानाशी बांधली. परिणामी लिटर हा घनडेसिमीटरहून किंचित मोठा झाला आणि मिलिलिटर घनसेंटिमीटरहून. पुढची ६३ वर्षं ग्रॅम प्रति मिलिलिटर आणि ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर ही काटेकोर अर्थाने दोन वेगळी एककं होती! बाजारात कुणाचं काही अडलं नाही, पण दशांशचिन्हानंतर पाचव्या घरापर्यंत जाणाऱ्या प्रयोगशाळांना लिटर कुठला ते सांगावं लागे. १९६४ मध्ये ती व्याख्या रद्द झाली आणि लिटर म्हणजे पुन्हा नेमका एक घनडेसिमीटर ठरला. आज किलोग्रॅमचा पाण्याशी व्याख्येपुरताही संबंध नाही. २० मे २०१९ पासून तो प्लांकच्या स्थिरांकावर उभा आहे. पाण्याची कमाल घनता आता मोजायची गोष्ट झाली, आणि ती भरते घनमीटरला ९९९.९७५ किलो.

अर्धा थेंब व्यवहारात विसरता येतो, पण दुधाचे तीन टक्के नाही. संकलन केंद्रावर ज्याला ‘डिग्री’ म्हणतात, तो लॅक्टोमीटरवरचा आकडा म्हणजे घनतेचं शेपूट. डिग्री ३० म्हणजे लिटरला १.०३० किलो, अर्थात घनमीटरला १०३० किलो. दूध काट्यावर किलोत मोजलं जातं आणि दर असतो लिटरचा, तेव्हा हा आकडा थेट पैशात उतरतो. काट्यावर ४० किलो भरलेलं दूध १.०३ ने भागलं, की ३८.८३ लिटर. भागायच्या जागी कुणी गुणलं तर ४१.२. एका वेळच्या दुधात सव्वादोन लिटरांहून जास्त फरक! दूध पाण्याहून जड, म्हणून लिटरचा आकडा किलोच्या आकड्याहून कमीच यायला हवा. पावतीवर वजन आणि लिटर दोन्ही छापलेले असतील, तर वजनाला लिटरने भागून पाहावं. उत्तर १.०३ च्या आसपास आलं, तर निदान हा हिशेब बरोबर आहे.