लांब पल्ल्याच्या विमानप्रवासातील इकॉनॉमी वर्ग

लांब पल्ल्याच्या विमानप्रवासातील इकॉनॉमी वर्ग म्हणजे साधारणतः सहा तासांहून अधिक काळ चालणाऱ्या उड्डाणांतील सर्वांत कमी भाड्याचा आसनवर्ग होय. ‘इकॉनॉमी’ हे नाव सर्व विमान कंपन्यांत समान असले, तरी त्यात मिळणारी जागा, सामानाची मुभा, भोजन आणि तिकिटाच्या अटी समान नसतात. एकाच कंपनीच्या दोन प्रकारच्या विमानांतही मोठा फरक आढळतो. त्यामुळे या वर्गाची तुलना केवळ कंपनीच्या नावावरून न करता विशिष्ट उड्डाण, त्यावरील विमान आणि तिकिटाचा प्रकार पाहून करणे अधिक अचूक ठरते.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात आंतरराष्ट्रीय विमानभाडी आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या (आयाटा) माध्यमातून ठरत असत. उत्तर अटलांटिक मार्गावर १९५२ मध्ये ‘टूरिस्ट’ वर्ग आणि १९५८ मध्ये त्याहून स्वस्त असा इकॉनॉमी वर्ग सुरू झाला. भाडे सर्वांचे सारखेच असल्याने स्पर्धा सेवेत होऊ लागली. इकॉनॉमी वर्गात केवळ साधे सँडविच देण्याचा नियम असताना स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने भरगच्च सँडविच वाढल्याची तक्रार पॅन ॲमने केली. हा वाद ‘सँडविच युद्ध’ म्हणून ओळखला जातो. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमानाने लंडनमार्गे मुंबई–न्यू यॉर्क सेवा सुरू केली. १९७० मध्ये बोइंग ७४७ हे रुंद विमान सेवेत आले आणि एका उड्डाणातील इकॉनॉमी प्रवाशांची संख्या कितीतरी वाढली.

आसनव्यवस्था

आसनाची तुलना प्रामुख्याने दोन मापांनी होते. एका आसनावरील बिंदूपासून पुढच्या आसनावरील त्याच बिंदूपर्यंतच्या अंतरास ‘पिच’ म्हणतात. लांब पल्ल्याच्या इकॉनॉमी वर्गात ते बहुधा ३१ ते ३२ इंच (सुमारे ७९ ते ८१ सेंमी) असते. पिच म्हणजे पायांसाठीची मोकळी जागा नव्हे. पाठ पातळ असलेल्या आसनांत त्याच पिचमध्ये गुडघ्यांना अधिक जागा मिळते. दुसरे माप रुंदीचे असून ते साधारण १७ ते १८ इंच असते.

रुंदी मुख्यतः एका ओळीत किती आसने बसवली आहेत यावर अवलंबून असते. बोइंग ७७७ विमानात काही कंपन्या नऊ, तर काही दहा आसने बसवतात. दहा आसनी रचनेत प्रत्येक आसन सुमारे एक इंचाने अरुंद होते. बोइंग ७८७ मध्ये बहुतेक कंपन्यांनी ३-३-३ अशी नऊ आसनी रचना स्वीकारली आहे. जपान एअरलाइन्सने मात्र आपल्या आंतरराष्ट्रीय ७८७ विमानांत २-४-२ अशी आठ आसनी रचना ठेवली. एअरबस ए३५० मध्ये नऊ आसनी रचनेतही रुंदी सुमारे १८ इंच राहते. एअरबस ए३३० मधील प्रचलित २-४-२ रचनेत मार्गिकेकडे जाण्यासाठी कोणासही एकाहून अधिक सहप्रवाशांना उठवावे लागत नाही.

सिंगापूर एअरलाइन्सने २०१८ मध्ये पुन्हा सुरू केलेल्या, १८ तासांहून अधिक चालणाऱ्या सिंगापूर–न्यू यॉर्क सेवेच्या विमानात इकॉनॉमी वर्ग ठेवलाच नाही. त्यात केवळ बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी हे वर्ग होते.

मार्ग आणि प्रवासाचा वेळ

मुंबई ते न्यू यॉर्क परिसर हे अंतर सुमारे १२,५०० किमी असून थेट उड्डाणास साधारण १५ ते १६ तास लागतात. दुबई, दोहा, अबु धाबी किंवा युरोपातील शहरांमार्गे जाणारा प्रवास बहुधा अधिक वेळ घेतो, परंतु त्याचे भाडे अनेकदा कमी असते आणि मध्ये चालण्याफिरण्यास अवकाश मिळतो. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असल्यास पहिल्याच्या विलंबामुळे दुसरे चुकल्यावर पुढील व्यवस्था सामान्यतः कंपनी करते. स्वतंत्र तिकिटांवर ही जबाबदारी प्रवाशावर येते. काही देशांत विमान बदलण्यासाठीही संक्रमण व्हिसा लागतो. ‘कोडशेअर’ तिकिटावर विक्री एका कंपनीची, तर प्रत्यक्ष विमान दुसरीचे असते.

सामान आणि भोजन

सामानाची मुभा काही मार्गांवर नगांच्या संख्येनुसार (बहुधा प्रत्येकी २३ किलो), तर काहींवर एकूण वजनानुसार दिली जाते. अनेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त भाड्यात आसननिवड किंवा तिकीट रद्द केल्यावरचा परतावा मिळत नाही.

विशेष भोजन सहसा किमान २४ तास आधी नोंदवावे लागते. ‘हिंदू मील’ हे नावावरून शाकाहारी वाटले, तरी ते सामान्यतः गोमांसविरहित मांसाहारी भोजन असते. भारतीय पद्धतीच्या शाकाहारासाठी ‘एशियन व्हेजिटेरियन’, तर कंदमुळे वर्ज्य करणाऱ्यांसाठी ‘जैन’ भोजन असा स्वतंत्र पर्याय असतो.

आरोग्य

दीर्घकाळ हालचाल न केल्यास पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. यास ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ म्हटले जात असले, तरी हा धोका कोणत्याही वर्गात, तसेच लांबच्या बस वा रेल्वे प्रवासातही संभवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो, परंतु त्याचे प्रमाण ६,००० मध्ये एक इतके अल्प आहे. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये कक्षातील हवेचा दाब सुमारे ६,००० फूट उंचीइतका राखला जातो. जुन्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंतच्या उंचीइतका असू शकतो.

प्रवाशांचे हक्क

युरोपीय संघाच्या २००४ मधील नियम २६१ नुसार उड्डाण रद्द झाल्यास किंवा दीर्घ विलंब झाल्यास ठरावीक अटींवर ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. हा नियम संघातील विमानतळावरून निघणाऱ्या सर्व कंपन्यांना लागू होतो. बाहेरून संघात येणाऱ्या उड्डाणांसाठी मात्र तो केवळ युरोपीय कंपन्यांना लागू आहे. म्हणून मुंबई–पॅरिस प्रवासात भारतीय आणि युरोपीय कंपनीच्या प्रवाशांचे हक्क भिन्न असतात, तर परतीच्या प्रवासात ते समान असतात. सामान हरवल्यास वा खराब झाल्यास द्यावयाच्या भरपाईची मर्यादा १९९९ च्या माँट्रियल कराराने निश्चित केली असून भारत २००९ मध्ये त्यात सहभागी झाला.