ग्रंथालयाच्या दारातील उपाहारगृह : तंजावरचा विचार

विद्वानांच्या ग्रंथालयात कॉफी मिळावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु पुण्याहून अथवा नागपूरहून सुमारे हजार किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक प्रवास करून एखादा अभ्यासक तंजावरला पोहोचतो, हाती असलेल्या चार दिवसांत मोडी कागदांचे रुमाल सोडून बसतो, आणि दुपारी भूक लागली म्हणून उठून बाजारात जातो, तेव्हा त्याच्या मोजक्या वेळातील एक-दीड तास सहज निघून जातो. उलट पक्षी, त्याच्या मेजावर कॉफीचा पेला ठेवू दिला आणि तो कलंडला, तर ज्याची दुसरी प्रत जगात नाही असे पान कायमचे नाहीसे होऊ शकते. दोन्ही हानी खऱ्या आहेत. म्हणून हा प्रश्न विचार करण्याजोगा ठरतो.

तंजावरचा सरस्वती महाल हे या विचाराला योग्य असेच स्थळ आहे. नायक राजांच्या काळी राजवाड्यात ग्रंथभांडार म्हणून त्याचा आरंभ झाला. पुढे भोसले घराण्याने ते वाढविले, आणि दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) त्याला आजचे वैभव दिले. काशीयात्रेच्या निमित्ताने त्यांनी पोथ्या मिळविल्या, पंडितांकडून नकला करविल्या, युरोपातून छापील ग्रंथही मागविले. १९१८ साली हा संग्रह लोकांस खुला झाला. तेथे सुमारे ४९ हजार हस्तलिखिते आहेत. त्यांत संस्कृताचा वाटा सर्वांत मोठा असून मराठी हस्तलिखिते ३ हजारांहून अधिक आहेत. मोडी दप्तरांचे रुमाल त्याखेरीज. विशेष म्हणजे या घराण्याच्या मुदपाकखान्यातील पाकक्रियांचा मराठी ग्रंथही, 'सरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने, ग्रंथालयाने प्रसिद्ध केला आहे. स्वयंपाकाचे शास्त्र तेथे आहे. स्वयंपाकाला मात्र तेथे जागा नाही, आणि त्याला कारण आहे.

अन्नाने ग्रंथ तीन वाटांनी बिघडतो. पहिली वाट सांडण्याची. जुनी काळी शाई काजळी आणि डिंक यांची असते; डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून थेंब पडताच अक्षर फिसकटते. दुसरी वाट किड्यांची. भाकरीचा कण किंवा साखरेचा दाणा मुंग्या, झुरळे व उंदीर यांना आत बोलावतो. आणि एकदा आत आलेले झुरळ कणावर थांबत नाही, बांधणीच्या खळीवरही ताव मारते. कसर तर त्या खळीवरच जगते. तिसरी वाट वाफेची. हवेतील आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर जाऊन तेथेच रेंगाळली, की कागदावर आणि ताडपत्रावर बुरशी धरते. कावेरीच्या खोऱ्यातील दमट हवेत उकळत्या दुधाचे पातेले आणि तळणीची कढई यांची भर पडली, तर ती निमंत्रणाची अक्षत ठरेल.

आपल्या पूर्वजांना हे संकट अपरिचित नव्हते. वेखंड, काळे जिरे, लवंग, मिरी व दालचिनी यांची भरड आणि कापूर यांची पुरचुंडी पोथ्यांजवळ ठेवण्याची रीत सरस्वती महालात प्रसिद्ध आहे. स्वयंपाकघरातले मसालेच येथे रक्षक झाले. मात्र हे उपाय किडीला दूर ठेवण्यापुरते आहेत. दाराशी अन्न पसरून ठेवल्यास त्यांच्या बळावर विसंबता येणार नाही.

मग अभ्यासकाने उपाशी राहावे काय? तंजावरच्या परंपरेचे उत्तर तसे नाही. मराठा राजांनी रामेश्वरच्या यात्रामार्गावर छत्रे उभारली होती. सरफोजींनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात छत्रांतील व्यवस्था वर्णिली आहे : वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध, वेदांचे व मुलांचे शिक्षक, आणि अनाथ विद्यार्थ्यांना भोजन. म्हणजे अन्नदान आणि विद्यादान एकाच संस्थेच्या छायेत नांदत होते. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र याची साक्ष आजही देते. तथापि पाकशाळेची जागा निराळी आणि पाठशाळेची जागा निराळी.

परदेशांतील मोठ्या ग्रंथालयांनीही शेवटी हाच मार्ग धरला. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात वाचकाला ग्रंथालयात अग्नी अथवा ज्योत न आणण्याचे वचन अजूनही द्यावे लागते. पण त्याच ग्रंथालयाच्या वेस्टन इमारतीत, २०१५ साली ती लोकांस खुली झाल्यापासून, प्रवेशदालनात उपाहारगृह आहे. लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात तिसऱ्या जॉर्ज राजाचा संग्रह काचेच्या मनोऱ्यात बंदिस्त आहे आणि त्याच्या लगत लोक चहा घेतात. मध्ये काच आहे, हे येथे महत्त्वाचे.

यावरून नियम स्पष्ट होतो. जे पुस्तक बाजारातून पुन्हा विकत आणता येते, त्याच्याजवळ झाकणाचा पेला चालू शकेल. महाविद्यालयीन ग्रंथालयाने एवढी सैलाई द्यावी. जे परत मिळणार नाही, त्याच्या दालनात पाण्याचा घोटही नको. हस्तलिखितांच्या संग्रहाला लागून उपाहारगृह काढावयाचे झाले, तर ते स्वतंत्र दाराचे आणि स्वतंत्र हवेचे असावे. त्याचे नळ ग्रंथकक्षाच्या माथ्यावरून जाऊ नयेत. तळण-शिजवण अन्यत्र व्हावी. येथे इडली, बिस्किटे आणि कॉफी एवढेच मिळावे. उष्टे व कचरा संध्याकाळपूर्वी आवाराबाहेर जावा. वाचकाने हात धुऊन, पुरते कोरडे करून आत यावे. ठेकेदाराशी करावयाच्या करारात ही कलमे भाड्याच्या रकमेच्या आधी लिहावीत. कारण राजवाडा पाहण्यास येणाऱ्या गर्दीतून उत्पन्न वाढविण्याचा मोह होणारच, आणि मग वाचकाला बसावयास जागा उरणार नाही.

एवढा खटाटोप केवळ भुकेसाठी नाही. तंजावरचे मोडी कागद मराठीत आहेत, पण त्यांतील गावे, देवालये, पिके आणि माणसे तमिळ देशातील आहेत. मोडी वाचणाऱ्याला तमिळ जाणकाराची गरज पडते, आणि तमिळ इतिहासकाराला मोडी वाचणाऱ्याची. वाचनकक्षात दोघांनाही मौन पाळावे लागते. जवळच्या कुंभकोणमची कॉफी दक्षिणेत नावाजलेली आहे. ती डबरा-पेल्यात ओतून निववताना शेजारच्याला एखाद्या अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारता येईल, अशी एक जागा ग्रंथकक्षापासून पन्नास पावलांवर असेल, तर अनेक रुमालांच्या गाठी अधिक लवकर उकलतील.