शिट्टी नेमकी कुठून?

घोटवडे फाट्याजवळच्या गॅरेजमध्ये, पत्र्याच्या सावलीत, सिमेंटच्या गोण्या भरलेली एक पिकअप उभी आहे. मे महिन्यातली दुपार. रस्त्यावरून खडीचे डंपर जातात आणि धुळीचा लोट सरळ आत येतो. पिकअपचा चालक ॲक्सिलरेटर दाबतो. डिझेल इंजिनाच्या धडधडीतून एक बारीक, चिवट शिट्टी वर येते. पाय काढला की विरते, दाबला की पुन्हा सुरू.

"टर्बो गेलाय म्हणत्यात, मिस्त्री. एका ठिकाणी दाखवली. बदलायलाच लागंल म्हणाले." चालक विशी-पंचविशीतला आहे. गाडीचे हप्ते चालू आहेत आणि गोण्या आजच मुळशी धरणाच्या बाजूला एका बांधकामावर पोचवायच्या आहेत. टर्बोचा खर्च काही हजारांत जातो, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतंय.

मिस्त्री अजून बोनटला हात लावत नाहीत.

"शिट्टी कधीपासून?"

"परवापासनं."

"परवा गाडीचं काय काम केलंस?"

"काय नाय. एअर फिल्टर तेवढा नवा टाकला."

"गाडी ओढते का? काळा धूर?"

"ओढती. धूर नाय. आइल पण कमी झालं नाय."

मी बाकड्यावर बसून ऐकतोय. अर्धं निदान या चार प्रश्नांतच होतंय. टर्बो इंजिनात हवा दाबतो; त्याच्या पुढचा, दाबाखालचा पाइप फुटला असता तर हवा इंजिनात पोचण्याआधीच बाहेर गेली असती. डिझेल अर्धवट जळून काळा धूर आला असता आणि चढाला गाडी मेली असती. टर्बोचं सील गेलं असतं तर ऑइल संपत आलं असतं, मागून निळसर धूर निघाला असता. यातलं काहीच नाही. शिवाय गाडी उभी असतानाही शिट्टी येते, म्हणजे चाकं, गिअर, वारा हे सगळे संशयित आपोआप सुटले.

आता बोनट उघडतं. मिस्त्री आधी बेल्टवर थोडं पाणी मारायला लावतात. बेल्ट ओरडत असेल तर ओला झाल्यावर त्याचा आवाज बदलतो. शिट्टी तशीच. मग खिळ्याला टांगलेला हातभर रबरी पाइप ते काढतात. एक टोक कानाशी, दुसरं मोकळं. हाताखालचा शिकाऊ पोरगा आत बसून इंजिन मिनिटाला साधारण २००० फेऱ्यांवर धरून ठेवतो. पंखा आणि बेल्ट टाळत पाइपचं मोकळं टोक इंजिनावर हळूहळू सरकतं: मॅनिफोल्डचा जोड, इंटरकूलरचे क्लॅम्प, टर्बो, टर्बोकडे येणारी जाड रबरी नळी. प्रत्येक ठिकाणी चार-पाच सेकंद. मिस्त्रींचे डोळे मिटलेले आहेत. फिल्टरच्या डब्याच्या मागच्या अंगाला पाइप पोचतो आणि ते डोळे उघडतात.

"ये, तू ऐक."

चालक कान लावतो. "आईशप्पथ! हितं तर कान फुटतोय!"

मिस्त्री डब्याच्या त्या कडेवर तळहात दाबतात. शिट्टीचा सूर एकदम खाली येतो. हात काढला की वर चढतो. तरी एवढ्यावर त्यांचं समाधान होत नाही. साबणाचा फेस ते आधी इंटरकूलरच्या जोडांवर लावतात. तिथं दाबाखालची हवा बाहेर येत असती तर बुडबुडे फुगले असते. फेस शांत राहतो. मग तोच फेस बोटावर जेमतेम टेकवून डब्याच्या कडेवर लावतात. तो बघता बघता फटीत ओढला जातो. टर्बोच्या अलीकडची गळती बाहेर काही टाकत नाही, बाहेरचं आत ओढते. म्हणूनच ती डोळ्यांना दिसत नाही.

इंजिन बंद. डबा उघडतो. मागच्या बाजूची, हात वळवून लावावी लागणारी एक क्लिप नुसती टेकवलेली आहे, अडकवलेली नाही. तिच्या बरोबर खाली नव्या फिल्टरची रबरी कड दुमडून बसली आहे. मिस्त्री फिल्टर उचलतात आणि डब्याच्या आतल्या भागावरून बोट फिरवतात. फिल्टरच्या पलीकडची ही बाजू स्वच्छ हवी. बोटावर करडी रेघ उमटते.

"ही बघ. हे तुझं इंजिन दोन दिवस खातंय."

ती रेघ पाहून मला शिट्टीपेक्षा जास्त धास्ती वाटते. अडीच लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन २००० फेऱ्यांवर मिनिटाला अडीच हजार लिटरच्या आसपास हवा घेतं. टर्बो त्यात आणखी भर घालतो. त्या हवेबरोबर पिरंगुट-पौड पट्ट्यातली दगडाची भुकटी आत गेली, तर मिनिटाला लाखाच्या वर फिरणारी टर्बोची पाती तिचा मार खातात. पुढं लायनर आणि रिंगा घासतात, इंजिन ऑइल प्यायला लागतं. फट अरुंद होती म्हणून ती शिट्टी मारत होती. तीच बोटभर रुंद असती तर कदाचित आवाजच आला नसता आणि धूळ मात्र दसपट गेली असती.

टर्बोकडची नळी निघते. मिस्त्री पांढरं फडकं आतून फिरवतात. टर्बोच्या तोंडाशी ते जवळजवळ कोरं निघतं. पात्यांच्या कडा टॉर्चच्या उजेडात शाबूत दिसतात. बोटांनी ते पंखा हलवून बघतात: आजूबाजूला किंचित हलतो, तेवढं चालतं, आत-बाहेर हलत नाही. चालकाचे खांदे सैल पडतात.

डबा पुसून होतो. आता मिस्त्री बाजूला होतात. "तूच बसव." चालक रबरी कड खाचेत बोटानं चौफेर दाबत जातो, झाकण ठेवतो, समोरच्या क्लिपा लावतो. मागची क्लिप दिसत नाही. तो हात वळवून चाचपडतो. 'टक' असा आवाज येतो. इंजिन सुरू. २००० फेऱ्या. टर्बोचं हलकं, एकसारखं गुंजन ऐकू येतं. ते असायचंच. शिट्टी नाही.

तरीही गाडी लगेच सुटत नाही. भरल्या मालानिशी ती पिरंगुटच्या घाटात नेऊन आणायची, कारण टर्बोची खरी परीक्षा ओझं ओढतानाच होते. मीही मागच्या सीटवर चढतो. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी चढ घेते, आरशात धूर दिसत नाही. मिस्त्री काच खाली करून वळणापर्यंत ऐकत राहतात, मग म्हणतात, "वळव."

परतल्यावर ते मजुरीचे थोडे पैसे घेतात आणि आठवड्यानं डबा उघडून आतली बाजू दाखवायला बजावतात. त्या पैशांत सुटा भाग एकही नाही. ऐकण्याची आणि क्रमानं शोधण्याची किंमत आहे, आणि ती आपण आनंदानं मोजायला हवी. दुरुस्तीनंतर नवा आवाज आला, तर शेवटचा हात जिथं लागला तिथूनच शोध सुरू करायचा. महागडा भाग बदलायचा निर्णय त्यानंतरचा. आणि फिल्टर कुणीही बदललेला असो, बोनट पडण्याआधी प्रत्येक क्लिपवरून, न दिसणाऱ्या क्लिपवरूनसुद्धा, गाडीच्या मालकानं स्वतःचा हात फिरवायचा.