यशस्वी कारभाऱ्याला नारळ का मिळतो?

एखाद्या शेतमालकाने सुगी साधून वर्ष उलटायच्या आत आपल्या कारभाऱ्याला कामावरून काढले, तर गाव काय म्हणेल? मालकाचे डोके फिरले, असेच म्हणेल. पीक सोळा आणे आले, खळे भरले, मग माणसाला घालवला कशाला? अगदी हाच प्रश्न २०१९ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहराला पडला होता. तिथे शेत नव्हते, खेळ होता. पण गोष्ट ऐकलीत तर ती तुम्हांला आपल्या शिवारातलीच वाटेल.

बेसबॉल हा अमेरिकेचा लाडका खेळ. एक जण चेंडू फेकतो, दुसरा गोल दांडक्याने तो टोलवतो आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरील ठिकाणांना शिवून परत येतो, की एक धाव झाली. प्रत्येक बाजूला नऊ गडी. क्रिकेट पाहिलेल्या माणसाला एवढे पुरे आहे. एका मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, आणि शेवटी दोन विजेते संघ ‘वर्ल्ड सिरीज’ नावाच्या अंतिम मालिकेत भिडतात.

बॉस्टनच्या संघाचे नाव ‘रेड सॉक्स’. या संघाने २०१८ साली १६२ पैकी १०८ सामने जिंकले. १९०१ पासून खेळत आलेल्या या संघाला एवढे सामने एका मोसमात कधीच जिंकता आले नव्हते. ऑक्टोबरअखेर लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाला चारास एक असे नमवून त्यांनी वर्ल्ड सिरीजही जिंकली. संघाचा कारभार पाहत होते डेव्ह डॉम्ब्रॉव्स्की नावाचे गृहस्थ. पुढे अकरा महिनेही लोटले नाहीत. ८ सप्टेंबर २०१९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडून बॉस्टन हरले, आणि मध्यरात्र उलटल्यावर बातमी आली की डॉम्ब्रॉव्स्की यांना काढून टाकले आहे. संघ त्या दिवसापर्यंत हरलेल्यापेक्षा जिंकलेलेच सामने जास्त होते, हेही ध्यानात ठेवा.

आता हा कारभारी नेमके करतो काय? मैदानावर खेळाडूंना उभे करणारा, कोणाला केव्हा खेळवायचे ते ठरवणारा माणूस निराळा. त्याला मॅनेजर म्हणतात. कारभारी बसतो कचेरीत. ‘फ्रंट ऑफिस’ असे या कचेरीचे नाव आहे. कोणता खेळाडू विकत घ्यायचा, कोणाला किती पगार द्यायचा, कोणाची कोणाशी अदलाबदल करायची, कोणती पोरे निवडून तयार करायची, हे सारे इथे ठरते. मॅनेजर पीक काढतो असे म्हटले, तर जमीन, पाणी आणि बियाणे पाहणारा हा कारभारी होय.

बियाण्याचा शब्द मी उगाच वापरला नाही. अमेरिकेत प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली तीन-चार पायऱ्यांचे लहान संघ असतात. अठरा-वीस वर्षांची पोरे तिथे खेळून तयार होतात आणि त्यांतली निवडक वर येतात. या लहान संघांच्या व्यवस्थेला तिकडचे लोक ‘फार्म’ म्हणजे शेतच म्हणतात. सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाचे ब्रँच रिकी यांनी १९२० नंतरच्या दशकात ही पद्धत बसवली. श्रीमंत संघांशी पैशात टक्कर देता येत नाही, तर आपले खेळाडू आपणच पिकवू, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

हा हिशेब आजही का लागू पडतो, ते पाहा. शेतातून वर आलेला खेळाडू वरच्या पातळीवर साधारण सहा वर्षे त्याच संघाच्या ताब्यात असतो. त्यांपैकी पहिली तीनेक वर्षे तो जवळजवळ किमान पगारावर खेळतो. पुढे पगाराचा वाद लवादापुढे जाऊ शकतो, त्यामुळे रक्कम वाढत जाते. सहा वर्षे भरली की तो मोकळा होतो आणि जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे जातो. म्हणजे घरचे पोर स्वस्त आणि बाजारचा खेळाडू महाग. घरी पीक असेल तर बाजारात थोडेच घ्यावे लागते. घरचे संपले, की सारेच बाजारभावाने घेण्याची पाळी येते.

डॉम्ब्रॉव्स्की २०१५ च्या ऑगस्टमध्ये बॉस्टनला आले, तेव्हा संघाची अवस्था वाईट होती. २०१४ साली संघ आपल्या गटात तळाला होता आणि २०१५ सालीही तिथेच राहिला. त्यांच्या आधीचे कारभारी होते बेन चेरिंग्टन. या चेरिंग्टन यांनी २०१३ साली बॉस्टनला अजिंक्यपद मिळवून दिले होते! दोन वर्षे खराब गेली, मालकांनी वरच्या जागेवर डॉम्ब्रॉव्स्की यांना आणून बसविले, आणि चेरिंग्टन यांनी जागा सोडली. तेव्हा या गोष्टीतला पहिला नारळ हा नव्हेच. मात्र चेरिंग्टन आणि त्यांच्या आधीचे लोक जाताना भरलेले शेत मागे ठेवून गेले होते. मूकी बेट्स, झँडर बोगार्ट्स, रफाएल डेव्हर्स ही पोरे त्याच शेतातली.

नव्या कारभाऱ्याला काम दिले होते ते झटपट जिंकण्याचे. त्यांनी ते चोख केले. वरच्या फळीत आलेली घरची पोरे त्यांनी जपली. पण खालच्या पायऱ्यांवरची होतकरू पोरे देऊन तयार खेळाडू आणले. क्रेग किम्ब्रेल या चेंडूफेक्यासाठी चार तरुण दिले. क्रिस सेल या दुसऱ्या नामवंत चेंडूफेक्यासाठी आणखी चार दिले. डेव्हिड प्राइस यांना सात वर्षांसाठी २१ कोटी ७० लाख डॉलर कबूल केले. २०१६, २०१७ आणि २०१८ अशी ओळीने तीन वर्षे संघ गटात पहिला आला. ओळीने तीनदा असे बॉस्टनच्या इतिहासात पूर्वी कधी घडले नव्हते.

पण प्रत्येक यशाची एक पावती असते, आणि ती मागाहून येते. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी खेळाडूंच्या पगारावर सर्वांत जास्त खर्च बॉस्टनचा होता. या खेळात एक कर आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा पगाराचा खर्च वाढला, तर वरच्या रकमेवर दंडवजा कर भरावा लागतो. २०१८ साली ही मर्यादा १९ कोटी ७० लाख डॉलर होती. पहिल्या वर्षी कराचा दर शेकडा २०, लागोपाठ दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी ५०, असा तो चढत जातो. बॉस्टनला २०१८ चा कर सुमारे १ कोटी २० लाख डॉलर पडला. शिवाय मर्यादा फारच ओलांडल्यामुळे पुढच्या वर्षी नवी पोरे निवडताना त्यांचा पहिला क्रमांक दहा जागा मागे ढकलला गेला. म्हणजे खर्चाचा फटका पुन्हा बियाण्यालाच बसला.

अजिंक्यपदानंतर दोन मोठे करार झाले. नेथन इओवाल्डी यांना चार वर्षांचे ६ कोटी ८० लाख डॉलर आणि क्रिस सेल यांना पाच वर्षांचे १४ कोटी ५० लाख डॉलर. २०१९ साली इओवाल्डी यांच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि ते कित्येक आठवडे बसून राहिले. सेल यांचा हात ऑगस्टमध्येच दुखावला. त्यांचा नवा करार सुरू व्हायचा होता २०२० मध्ये, आणि त्या सबंध वर्षात त्यांना एकही चेंडू टाकता आला नाही. घरच्या शेतातून यांची जागा घ्यायला तयार माल फारसा नव्हता. मालकांना आता खर्च मर्यादेत आणायचा होता. मूकी बेट्स २०२० नंतर मोकळे होणार होते. पुढच्या वाटचालीबद्दल आपले आणि कारभाऱ्याचे मत जुळत नव्हते, असे मालकपक्षाने नंतर सांगितले.

मित्रहो, इथे थोडे थांबून दोन्ही बाजूंचा विचार करू या. मालकाची बाजू अशी की, गेल्या सुगीबद्दल मानसन्मान झाला, बक्षीस झाले. नोकरी मात्र पुढच्या पेरणीसाठी असते. उभे पीक कापण्यात हुशार असलेला माणूस मोडलेले शेत पुन्हा लावण्यात हुशार असेलच असे नाही. हा विचार चुकीचा म्हणता येत नाही.

पण कारभाऱ्याची बाजूही ऐका. बियाणे विकून का होईना, यंदा पीक दाखव, असे त्याला सांगितले कोणी? मालकानेच. सेल आणि इओवाल्डी यांचे करार मालकाच्या संमतीवाचून झाले काय? एवढ्या रकमेचे करार तसे होत नाहीत. मग कणगी रिकामी झाली म्हणून एकट्या कारभाऱ्याला उभे करणे हा पुरा न्याय नव्हे. माझे मत विचाराल तर, डॉम्ब्रॉव्स्की यांचे यश खरे होते आणि त्यांनी ओढवलेली अडचणही खरी होती. पण ती अडचण मालक आणि कारभारी दोघांची होती, आणि नारळ मात्र एकाच्याच हाती पडला.

मालकाची इच्छा किती भारी ठरते, याचा पुरावा याच माणसाच्या पूर्वायुष्यात आहे. १९९७ साली फ्लोरिडातल्या मार्लिन्स संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा त्याचे कारभारी डॉम्ब्रॉव्स्कीच होते. त्या संघाच्या मालकाने, वेन हायझेंगा यांनी, लगेच खर्च छाटण्याचा हुकूम सोडला. चांगले चांगले खेळाडू विकले गेले. १९९८ साली तो संघ ५४ सामने जिंकला आणि १०८ हरला. बॉस्टनने २०१८ साली १०८ जिंकले आणि ५४ गमावले. आकडे तेच, फक्त उलटे, कारभारीही तोच. मग हुशारी कुठे गेली होती आणि कुठून परत आली? हुशारी तीच होती. मालकाने मागितले ते निराळे होते.

येथे एक खुलासा करायला हवा. यशस्वी कारभाऱ्याला काढण्याचे कारण दर वेळी हेच नसते. ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोज संघाचे जेफ लूनो यांना २०२० च्या जानेवारीत काढले, ते गैरवर्तनामुळे. २०१७ च्या अजिंक्यपदाच्या मोसमात त्यांच्या संघाने प्रतिपक्षाच्या खुणा कॅमेऱ्याने चोरल्याचे चौकशीत उघड झाले होते. ते यशच डागाळलेले होते, आणि तिथे यशाचा दाखला देऊन चालत नाही. डॉम्ब्रॉव्स्की यांना काढले ते मात्र अशा आरोपामुळे नव्हे, म्हणूनच ते प्रकरण विचार करण्याजोगे आहे.

बॉस्टनमध्ये पुढे काय झाले? २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये हाइम ब्लूम नावाचे तरुण कारभारी आले. खर्च उतरवा आणि शेत पुन्हा लावा, हे त्यांचे काम. २०२० च्या फेब्रुवारीत त्यांनी मूकी बेट्स आणि डेव्हिड प्राइस यांना डॉजर्सकडे पाठवले. त्याच वर्षी डॉजर्सने वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि बॉस्टनचे लोक हात चोळत बसले. ब्लूम यांनी शेताची मशागत मनापासून केली. २०२१ साली संघ अंतिम मालिकेच्या एक पायरी अलीकडेपर्यंत पोचलाही. पण २०२० आणि २०२२ या दोन्ही वर्षी तो गटात तळाला होता. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ब्लूम यांनाही नारळ मिळाला. बियाणे खाल्ले म्हणून एक गेला. बियाणे जपले पण पीक दाखवले नाही म्हणून दुसरा गेला.

ब्लूम यांच्या काळात निवडलेली मार्सेलो मायर आणि रोमन अँथनी ही पोरे २०२५ साली वरच्या संघात आली. त्या वर्षी बॉस्टन पुन्हा बाद फेरीत पोचले. श्रेय घ्यायला तोवर क्रेग ब्रेस्लो हे कारभारी होते. चेरिंग्टन यांचे पेरलेले डॉम्ब्रॉव्स्की यांनी कापले, ब्लूम यांचे पेरलेले ब्रेस्लो यांच्या हाती आले. आणि ज्या दोघांना घालवले, ते वाया गेले असेही नाही. डॉम्ब्रॉव्स्की २०२० च्या डिसेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाकडे गेले आणि २०२२ साली त्यांनी तो संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत नेला. ब्लूम यांच्याकडे २०२५ च्या मोसमानंतर सेंट लुईसच्या कार्डिनल्सचा कारभार आला. ज्या संघात ब्रँच रिकी यांनी शेताची पद्धत बसवली होती, तोच हा संघ.

ही परदेशच्या खेळाची गोष्ट तुम्हांला एवढ्या विस्ताराने सांगितली, त्याला कारण आहे. तुमच्यापैकी कोणी शाळा चालवीत असेल, कोणी सोसायटीचा हिशेब पाहत असेल. दहावीचा निकाल यंदा शेकडा पंचाण्णव लागला, पण त्यासाठी पाचवी-सहावीचे चांगले शिक्षक वरच्या वर्गाला जुंपले आणि खालची मुले तशीच राहिली, तर चार वर्षांनी निकाल काय लागेल? आणि तेव्हा जाब कोणाला विचारला जाईल? त्या वेळी खुर्चीवर जो मुख्याध्यापक असेल त्याला!

म्हणून कारभार हाती घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे की, माझे काम तुम्ही कशावर जोखणार. यंदाच्या खळ्यावर, की कणगीतल्या बियाण्यावर? उत्तर मिळेल ते कागदावर लिहून घ्यावे. आणि नेमणूक करणाऱ्यांनी, मग ते कोट्यधीश मालक असोत की गावच्या शाळेची समिती असो, आपण काय मागितले होते ते विसरू नये. माणूस बदलण्याचा अधिकार त्यांना आहेच. पण त्याला निरोप देताना, "आम्ही सांगितले ते तुम्ही केले, आता आम्हांला दुसरे हवे आहे," एवढे चारचौघांत कबूल करावे. त्याने नोकरी वाचत नाही, पण माणसाचे नाव वाचते. आणि पुढे येणाऱ्या कारभाऱ्यालाही आपण कोणाशी व्यवहार करतो आहोत, ते कळते.