ओपिऑइड औषधे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मॉर्फिन दुखऱ्या जागी जाऊन वेदना मारते, असा समज फार रुजलेला आहे. प्रत्यक्षात मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल ही ओपिऑइड औषधे मुख्यतः मज्जारज्जू आणि मेंदूत काम करतात. तेथील चेतापेशींच्या आवरणावर ‘म्यू’ नावाचे रिसेप्टर असतात. औषध त्यांना जोडले गेले की पेशीतील कॅल्शियमच्या वाहिन्या मिटतात आणि वेदनेचा निरोप पुढे नेणारी रसायने कमी सुटतात. पुढच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडते, त्यामुळे तीही सहजी उत्तेजित होत नाही. जखम मात्र होती तशीच राहते. ‘दुखतंय, पण त्याचा जाच होत नाही,’ असे काही रुग्ण सांगतात.

हे रिसेप्टर अफूसाठी घडलेले नाहीत. त्यांचे अस्तित्व 1973मध्ये प्रयोगांनी दाखवले गेले. 1975मध्ये अ‍ॅबर्डीन येथे जॉन ह्यूझ आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन हे वेदना दाबणारे रसायन वेगळे केले. म्हणजे अशी रसायने शरीर स्वतःच बनवते. अफूतील मॉर्फिन त्यांच्याच जागा बळकावते.

या औषधांनी होणारी बद्धकोष्ठता ‘उष्णतेमुळे’ होते, असे अनेकदा ऐकू येते. खरे कारण साधे आहे : म्यू रिसेप्टर आतड्यातही असतात आणि औषध तिथे जोडले गेले की आतड्याची हालचाल मंदावते. जुलाबावरचे लोपेरामाइड हेही ओपिऑइडच. नेहमीच्या मात्रेत मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील एक प्रथिन त्याला परत बाहेर ढकलते, म्हणून त्याने गुंगी येत नाही. वेदनाशमनाची शरीराला सवय होते, बद्धकोष्ठतेची सहसा होत नाही. त्यामुळे मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून रेचक देतात.

सवय आणि व्यसन एकच, हा समज सर्वांत नुकसानकारक. त्यापायी कर्करोगाचे रुग्णही मॉर्फिन नाकारतात. औषध रोज मिळू लागले की रिसेप्टरचा प्रतिसाद बोथट होतो आणि पेशी दाबली गेलेली यंत्रणा आतून वाढवते. औषध एकाएकी थांबवले तर ती वाढलेली यंत्रणा मोकाट सुटते : घाम, जांभया, वाहते नाक, जुलाब. हे शारीरिक अवलंबित्व; मात्रा हळूहळू उतरवली तर ते बरेच टळते. व्यसनात अपाय दिसत असूनही औषधाची ओढ आवरत नाही. तो धोका खरा आहे, पण प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला येत नाही.

कोडीन ‘सौम्य’ म्हणून निर्धोक, हेही खरे नाही. यकृतातील एक विकर त्याचे मॉर्फिन बनवते. हे विकर काहींत जवळजवळ निष्क्रिय, तर काहींत अतिवेगवान असते, त्यामुळे एकाच मात्रेने एकाला गुण येत नाही आणि दुसऱ्याचा श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017मध्ये बारा वर्षांखालील मुलांना वेदना किंवा खोकल्यासाठी कोडीन देणे निषिद्ध ठरवले.

श्वास मंदावतो तो मेंदूच्या देठातील म्यू रिसेप्टरमुळे, आणि अतिमात्रेत मृत्यू बहुधा त्यानेच होतो. नॅलोक्सोन हे उताऱ्याचे औषध रिसेप्टरवर बसते, पण त्याला चालना देत नाही, आणि ओपिऑइडला तिथून हुसकावते. रुग्ण डोळे उघडतो आणि संकट टळले असे नातेवाइकांना वाटते. मात्र नॅलोक्सोनचा परिणाम साधारण 30 ते 90 मिनिटेच टिकतो. मूळ औषध त्याहून दीर्घ टिकणारे असेल, तर श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून शुद्धीवर आलेल्या रुग्णालाही रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागते.